जॅझचा जोगवा : श्रोत्यांच्या पैशावर चालणारा इंटरनेट रेडिओ

रेडिओ ऐकायला किती पैसे लागतात? हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत विचारा, उत्तर एकच येईल – "छे! रेडिओ तर फुकट असतो!" ऐकणाऱ्याच्या बाजूने ते खरंही आहे. पण रेडिओ चालवायला मात्र पैसे लागतातच. माईक, संगणक, वीज, जागा, माणसं, गाण्यांचे हक्क... हे सगळं कोणाच्या तरी खिशातून येतं. आकाशवाणीचा खर्च सरकारी तिजोरीतून भागतो. खासगी एफ.एम.चा खर्च जाहिरातदार करतो आणि तो गाण्यांच्या मधे येऊन वसूलही करतो!

यापेक्षा वेगळा एक प्रकार जगात आहे. जाहिरात नाही, तिकीट नाही. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना वाटेल ते आपणहून पैसे पाठवतात आणि त्यावर केंद्र चालतं. अशी काही केंद्रं दिवसरात्र फक्त जॅझ वाजवतात आणि इंटरनेटमुळे ती आपल्या धाराशिवमध्येही ऐकू येतात. आता आपल्या जिल्ह्यात जॅझ ऐकणारे किती निघतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग इतक्या थोड्या लोकांच्या आवडीवर एखादं केंद्र जगतं कसं? हा प्रश्न जितका संगीताचा, तितकाच आपल्या अभ्यासक्रमाचाही आहे. चला, जरा हिशेब मांडून बघू.

जॅझ म्हणजे काय बुवा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, तिथल्या कृष्णवर्णीय समाजात हे संगीत घडलं. तिथे मिरवणुकीला आणि अंत्ययात्रेलाही पितळी वाद्यांचा बँड असे. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट वाजते, तीच ही वाद्यं. त्यांच्या जोडीला पियानो, ड्रम, डबल बास आणि पुढे सॅक्सोफोन आला.

जॅझची रचना समजायला आपल्याला फारसं जड जाऊ नये. एक ठरलेलं आवर्तन असतं, बहुतेकदा बारा किंवा बत्तीस मात्रागटांचं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग त्याच आवर्तनावर एकेक वादक आपल्या मनाने वाजवत जातो, बाकीचे साथ धरतात आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. तबल्याच्या ठेक्यावर गवई ताना घेतो आणि समेवर येतो, त्याचाच हा चुलतभाऊ म्हणा ना!

जॅझ आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या काळात गोव्याच्या अनेक वादकांनी हे संगीत आत्मसात केलं. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक तर 'चिक चॉकलेट' या नावानेच प्रसिद्ध झाले. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी या वादकांना हाताशी धरलं. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' कधी पाहिलात तर पडद्यावर चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड दिसेल. पुढे १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. म्हणजे आपल्या आजोबांनी 'अलबेला'च्या गाण्यांवर ठेका धरला, तेव्हा नकळत थोडा जॅझही ऐकलाच होता.

गोंधळ, तिकीट आणि जोगवा

संगीताचा खर्च कोण करतं, याचे तीन प्रकार तुळजापूरच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला वेगळे शिकवायला नकोत.

पहिला प्रकार गोंधळाचा. घरात लग्न झालं की यजमान गोंधळी बोलावतो. संबळ, तुणतुणं रात्रभर वाजतं, सगळी आळी ऐकते, पण बिदागी देतो एकटा यजमान. सरकारी रेडिओ आणि जाहिरातीवरचा रेडिओ या जातीचे. इथे यजमानाचा काही ना काही हेतू असतोच. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५५ पासून विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर जगभर ऐकवला. कार्यक्रम उत्तम होता, लोक कान लावून ऐकत, पण खर्च अमेरिकन सरकार करत होतं आणि तो शीतयुद्धाचा काळ होता.

दुसरा प्रकार तमाशाच्या तंबूचा. तिकीट काढा, आत या. महिन्याला पैसे घेऊन गाणी ऐकवणारी ॲप्स या जातीची. पैसे दिले नाहीत तर दार बंद.

तिसरा प्रकार जोगव्याचा. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागितला जातो. कोणी मूठभर पीठ घालतं, कोणी पसाभर ज्वारी, कोणी हात जोडून पुढे जा म्हणतं. गाणं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू येतं. न देणाऱ्याच्या कानावर कोणी हात ठेवत नाही! श्रोत्यांच्या पैशावरचा रेडिओ हा तिसऱ्या जातीचा. अर्थात जोगव्यामागे श्रद्धा आहे आणि रेडिओमागे आवड. साम्य आहे ते फक्त देण्याच्या पद्धतीत. पण ते पक्कं आहे.

मुंबईत बुडालेली कंपनी

आपल्या देशात रेडिओची सुरुवातच हौशी मंडळींच्या वर्गणीतून झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केलं. १९२४ मध्ये मद्रासच्या क्लबने सुरुवात केली, पण पैशाअभावी १९२७ मध्ये त्यांना ते थांबवावं लागलं.

त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याचं. प्रत्येक ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना काढायचा आणि त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे, अशी व्यवस्था होती. पण सगळ्या देशात मिळून परवाने आठ हजारांच्या आतच राहिले. आता गुणाकार करा : आठ हजार गुणिले आठ रुपये, म्हणजे वर्षाला जेमतेम ६४ हजार. आयात होणाऱ्या रेडिओ संचांवरच्या जकातीचा वाटा कंपनीला मिळे, पण दोन शहरांतली केंद्रं चालवायला तेही पुरेना. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि एप्रिलपासून सरकारने केंद्रं आपल्याकडे घेतली.

ही कंपनी का बुडाली? संच महाग होते हे एक कारण. दुसरं कारण आपल्या विषयातलं आहे – ट्रान्समीटरचा पल्ला थोडा होता. वर्तुळ लहान, म्हणून वर्तुळातले श्रोते थोडे, म्हणून पैसा थोडा. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच्या उलटं उदाहरण अमेरिकेतलं. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे लुईस हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपीएफए हे केंद्र सुरू केलं. जाहिरात अजिबात नाही, सगळी भिस्त श्रोत्यांवर. हिल यांचा अंदाज असा, की ऐकू शकणाऱ्यांपैकी शंभरातल्या दोघांनी जरी वर्गणी दिली तरी केंद्र चालेल. सुरुवातीला तेही जमलं नाही. १९५० मध्ये केंद्र बंद पडलं. मग श्रोत्यांनीच पैसे उभे केले आणि १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. ते आजही चालू आहे. हे जॅझचं केंद्र नव्हे, पण जोगव्याची ही पद्धत तिथून रुळली.

एसटी स्टँडची घोषणा आणि पोस्टाचं पत्र

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. एफ.एम. प्रक्षेपण हे एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं आहे. स्टँडवर दहा माणसं असोत की हजार, घोषणा करणाऱ्याचा घसा तेवढाच दुखतो. श्रोते वाढले म्हणून ट्रान्समीटरचं वीजबिल वाढत नाही. मात्र स्टँडच्या बाहेर घोषणा ऐकू येत नाही. भारतात २००६ च्या धोरणानुसार संस्थांना सामुदायिक रेडिओ सुरू करता येतो. म्हसवडचा 'माणदेशी तरंग' २००८ पासून असाच चालू आहे. पण या केंद्रांना साधारण १०० वॅट प्रभावी शक्ती आणि ३० मीटर उंचीचा मनोरा एवढीच मुभा मिळते. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे धाराशिव शहरात असं केंद्र काढलं तर वीसेक किलोमीटरवरच्या तुळजापुरातही ते नीट लागणार नाही.

इंटरनेट रेडिओ हा पोस्टाच्या पत्रासारखा. जगात कुठेही जाईल, पण प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत पाठवावी लागते. श्रोता वाढला की सर्व्हरवरचा भार वाढतो.

किती वाढतो? सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजणी १६ बिटची आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. एमपी३ पद्धतीत हेच १२८ किलोबिटवर आणतात, म्हणजे सुमारे अकरापट कमी. कसं? वरातीत ताशा कडाडत असताना शेजाऱ्याची कुजबुज आपल्याला ऐकूच येत नाही. कानाचा हा स्वभाव ओळखून, जे ऐकू येणार नाही ते टिपण्यावर एमपी३ फारसे बिट खर्च करत नाही. जॅझमध्ये मात्र ड्रमवाला झांजेवर तारांचा ब्रश हलकेच फिरवतो. बिटरेट फार कमी केला तर आधी हाच नाजूक आवाज बिघडतो आणि पाण्यात बुडबुडे निघाल्यासारखा वाटतो. म्हणून जॅझच्या केंद्रांना बिटरेटमध्ये फार काटकसर करून चालत नाही.

आता हिशेब बघा :
१२८ किलोबिट गुणिले ३६०० सेकंद, भागिले ८ = तासाला ५७.६ एमबी (एका श्रोत्यासाठी).
एकाच वेळी १००० श्रोते = सेकंदाला १२८ मेगाबिट, दिवसाला सुमारे १,३८२ जीबी.

५६ केबीपीएसच्या मोडेमच्या काळात एवढा प्रवाह घरी घेणंच शक्य नव्हतं, म्हणून केंद्रं २४ किंवा ३२ किलोबिटचा वेगळा प्रवाह ठेवत. आता आपल्या मोबाईलच्या रोजच्या डेटापॅकमध्येही तासन्‌तास जॅझ बसतो. बटण दाबल्यावर दोन-चार सेकंद 'बफरिंग' दिसतं, कारण प्लेअर आधी थोडा साठा करून घेतो. १० सेकंदांचा साठा म्हणजे फक्त १६० केबी. नळाला पाणी मधेच गेलं तरी टाकी असली की आंघोळ थांबत नाही, तसंच हे. पाठवण्यासाठी 'आइसकास्ट'सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तांत्रिक अडथळा असा फारसा उरलेला नाही.

मग थोड्यांची आवड जगते कशी?

आता मघाचं सूत्र आठवा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका जॅझ केंद्राचा वर्षाचा खर्च १० लाख रुपये आहे आणि हिल यांच्या अंदाजाप्रमाणे शंभरातले दोन श्रोते पैसे देतात.

केंद्र एका गावापुरतं असेल आणि गावात जॅझचे ५०० शौकीन असतील, तर देणारे झाले १०. प्रत्येकी एक लाख! केंद्र पहिल्याच वर्षी बंद.

तेच केंद्र जगभर ऐकू गेलं आणि धाराशिवमधले पाच, सोलापुरातले पंधरा, टोकियोतले हजार असं करत २०,००० श्रोते जमले, तर देणारे ४००. प्रत्येकी वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपयांच्या आत. आपल्या कँटीनच्या चहाच्या आसपास!

सगळी गोम इथे आहे. एफ.एम.मध्ये श्रोता फुकट मिळतो, पण वर्तुळ ठरलेलं. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याचा थोडा खर्च येतो, पण वर्तुळच नाही. जी आवड प्रत्येक गावात विरळ आहे पण असंख्य गावांत आहे, तिला हा दुसरा प्रकार मानवतो. जॅझ तसाच आहे.

गाण्यामागे किती?

पण थांबा, खर्चात नुसती बँडविड्थ नसते. कलाकारांचा आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकांचा हक्क असतो. अमेरिकेत २००२ साली इंटरनेट केंद्रांसाठी दर ठरला – दर गाण्याला, दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट. ऐकायला अगदी किरकोळ. पण १००० श्रोते आणि तासाला १५ गाणी धरली तर तासाला साडेदहा डॉलर, दिवसाला २५२ आणि वर्षाला सुमारे ९२ हजार डॉलर! त्या वेळच्या दराने चाळीस लाख रुपयांहून जास्त. सॅन फ्रान्सिस्कोचं सोमा एफ.एम. हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं इंटरनेट केंद्र (त्यावर जॅझचाही चॅनेल आहे) यामुळे २००२ मध्ये काही महिने बंद ठेवावं लागलं. वर्षअखेरीस छोट्या केंद्रांना उत्पन्नाच्या टक्केवारीत पैसे भरता यावेत असा कायदा झाला. २००७ मध्ये दर पुन्हा वाढले तेव्हा २६ जूनला अमेरिकेतल्या अनेक इंटरनेट केंद्रांनी एक दिवस मौन पाळून निषेध केला.

गंमत म्हणजे या हिशेबात जॅझला थोडा फायदा आहे. जॅझचं एकेक वादन सहज सहा-सात मिनिटं चालतं. तासाला १५ ऐवजी १० वादनं झाली की वरचे ९२ हजार खाली येऊन सुमारे ६१ हजार होतात. लांब आलाप घेणाऱ्याला इथे सूट आहे!

कोण चालवतं ही केंद्रं?

आपल्यासाठी विशेष म्हणजे यातली काही केंद्रं कॉलेजांची आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओच्या सामुदायिक कॉलेजचं केसीएसएम, म्हणजेच 'जॅझ ९१', दिवसरात्र जॅझ वाजवतं. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचं डब्ल्यूबीजीओ १९७९ पासून जॅझला वाहिलेलं आहे. दोन्ही एफ.एम.वर आहेत, इंटरनेटवर आहेत आणि दोन्ही श्रोत्यांकडे हात पसरतात. वर्षातून काही दिवस निवेदक गाणी थांबवून सरळ सांगतात, बाबांनो, आता परडीत काही घाला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर तर विद्यार्थीच चालवतात. (एफ.एम.चे जनक एडविन आर्मस्ट्राँग याच विद्यापीठात प्राध्यापक होते.) तिथे फिल शाप या विद्यार्थ्याने १९७० मध्ये निवेदन सुरू केलं आणि शिक्षण संपल्यावरही सोडलं नाही. चार्ली पार्कर या एकाच सॅक्सोफोनवादकावर ते अनेक वर्षं रोज सकाळी कार्यक्रम करत. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, मेसची घंटा होण्याच्या आधीची वेळ. २०२१ मध्ये ते वारले. एकाच कलाकारावर रोज बोलायला कोणता जाहिरातदार पैसे देईल, सांगा बरं?

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. देणगी म्हणजे बिनभरवशाची शेती. पाऊस पडला तर पीक. अमेरिकेत अशा अनेक केंद्रांना श्रोत्यांबरोबर थोडा सरकारी निधीही मिळत असे. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा तो निधी रद्द केला. आता श्रोत्यांच्या मुठीवरचा भार आणखी वाढला आहे.

आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, ऐका. फुकट ऐकणारा काही चोर नव्हे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना धरूनच हा हिशेब मांडलेला आहे. आज विद्यार्थी आहात, उद्या पगार सुरू झाला की त्या दोघांतले एक व्हा.

दुसरी गोष्ट जरा तांत्रिक. पन्नास जणांनी एकाच वेळी १२८ किलोबिटचा प्रवाह घेतला तर हॉस्टेलच्या लाईनवर ६.४ मेगाबिटचा भार पडतो. बाहेरून एकच प्रवाह घेऊन आपल्या लॅनवर आइसकास्टने पन्नास जणांना वाटला तर बाहेरच्या लाईनवर फक्त १२८ किलोबिट. प्रोजेक्टसाठी झकास विषय! पण त्या केंद्राची परवानगी घेतल्याशिवाय करू नका. कारण त्यांच्या मोजणीत पन्नासऐवजी एकच श्रोता दिसेल आणि कलाकाराला मिळेल तो एकाचाच वाटा.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. गोंधळ्यांची कवनं, आराध्यांची गाणी, भारुडं ऐकणारेही आज गावोगाव विरळ होत चाललेत. पण धाराशिव, कळंब, उमरगा, भूम-परंड्याची माणसं पुणे-मुंबईपासून परदेशापर्यंत पसरली आहेत. विरळ आवड आणि पसरलेले श्रोते – जॅझचं जे गणित, तेच हे. गाणाऱ्यांना विचारून, त्यांची संमती आणि वाटा ठरवून, चांगलं ध्वनिमुद्रण करून एक छोटा प्रवाह सुरू केला तर? सर्व्हरचा खर्च वरच्या सूत्राने प्रत्येकाला काढता येईल. किती श्रोते लागतील आणि त्यातल्या दोन टक्क्यांना किती द्यावे लागतील, हेही कळेल. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनी मिळून हा हिशेब एकदा कागदावर मांडावाच. अडचण वाटेल ती ध्वनिमुद्रणाची आणि हक्कांची. सॉफ्टवेअर तर आधीच फुकट आहे.

जाता जाता एक गृहपाठ : हॉस्टेलमध्ये ६० विद्यार्थी रोज २ तास ६४ किलोबिटचा प्रवाह ऐकतात, तर महिन्याचा डेटा किती? उत्तर काढून पाहा, आणि काढताना कानाला जॅझ लावायला हरकत नाही!